साहेबांनी बोलावलंय

जगातलं सगळ्यांत भीतिदायक वाक्य कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, ‘साहेबांनी बोलावलंय.’ वाक्य अवघं दोन शब्दांचं. त्यात शिवी नाही, धमकी नाही. आमच्या शाखेतला शिपाई तर ते इतक्या मऊ आवाजात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आत पेढे वाटताहेत. पण ते कानांवर पडलं की पोटात गोळा उठतोच.

माझ्या काउंटरपासून साहेबांच्या केबिनपर्यंत बावीस पावलं आहेत. मी मोजलेली आहेत. या बावीस पावलांत माझी वीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून जाते. परवाचं व्हाउचर उलटं लागलं का? मामेबहिणीच्या लग्नाला जाण्यासाठी मी आजारी पडलो होतो, ते उघडकीला आलं का? बदली? चौकशी? केबिनचं दार ढकलेपर्यंत मी स्वतःला मनातल्या मनात निलंबित करून मोकळा झालेला असतो. आणि साहेब मान वर न करता विचारतात, “अहो, ते स्टेपलर तुमच्याकडे राहिलंय का?”

स्टेपलर नेऊन दिल्यावरही छातीतली धडधड अर्धा तास राहते. ही धडधड कोणत्या खात्यात नावे टाकायची, हे आम्हांला बी.कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

आता, बोलावल्या जाणाऱ्यांच्या जातीत मी इतकी वर्षं काढली, तेव्हा मला स्वतःची दया येत असे. पण त्यापलीकडे या प्रकरणात काही विचार करण्यासारखं असेल असं वाटलं नव्हतं. विचार सुरू झाला तो मी स्वतः एका माणसाला बोलावलं तेव्हा.

त्याचं असं झालं. बँकेच्या ग्राहकाची ओळख ठरावीक काळानं नव्याने तपासायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जास्त जोखमीच्या ग्राहकाची दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्याची आठ वर्षांनी आणि कमी जोखमीच्याची दहा वर्षांनी. कमी जोखमीचा म्हणजे आपला नेहमीचा माणूस. पेन्शन घेतो, विजेचं बिल भरतो, आमच्या खिडकीशी उभा राहून पावसापाण्याचं बोलतो. त्याला दहा वर्षांनी एकदा विचारायचं, ‘आपण कोण?’ हा प्रश्न खरं म्हणजे उपनिषदांतला. पण आम्ही तो फॉर्मवर विचारतो आणि खाली दोन फोटो चिकटवायला सांगतो.

तर अशा चाळीसेक ग्राहकांना पत्रं पाठवायची होती. साहेब म्हणाले, “इंग्रजीत लिहा. वजन पडतं.”

मी पहिल्या मसुद्यात ‘रिक्वेस्ट’ घातली. साहेब म्हणाले, “रिक्वेस्ट केल्यावर कोण येतं? तुम्ही तरी येता का?” दुसऱ्या मसुद्यात मी ‘इन्व्हाइट’ केलं. साहेब म्हणाले, “मग चहा द्यावा लागेल.” तिसऱ्यांदा मी ‘कॉल’वर आलो, पण कॉल म्हटलं की कॉमर्सवाल्याला भलतंच आठवतं. कंपनी शेअरचे पैसे हप्त्याहप्त्यानं मागते, त्या मागणीला कॉल म्हणतात. पहिला कॉल, दुसरा कॉल, शेवटचा कॉल. न भरणाऱ्याचं नाव ‘कॉल्स इन अरिअर्स’मध्ये जातं आणि अखेर शेअर जप्त होतो. ग्राहकाला एवढं भेडसावू नये म्हणून मी तोही शब्द खोडला आणि त्याच्या जागी त्याहून भयंकर शब्द लिहिला, ‘समन’. ‘यू आर हिअरबाय समन्ड टु द ब्रँच.’ साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, “आता कसं!” त्या दिवशी मला माझ्या इंग्रजीचा अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे.

पाचव्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर गेलं, तेव्हा त्याखाली आधी एक काळ्या बुटांचा जोड दिसला, मग काळी पँट, मग काळा कोट. मे महिना होता. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. पंच्याहत्तरीच्या घरातले एक काका, आणि आधाराला एक शेजारी. हातात कापडी पिशवी. तिच्यात काय नव्हतं? खातं उघडल्यापासूनची सगळी पासबुकं, रेशनकार्ड, पेन्शनचा आदेश, विजेची बिलं, बायकोच्या मृत्यूचा दाखला. कपाळाला अंगारा लावलेला.

त्यांनी माझं पत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. म्हणाले, “साहेब, हजर झालोय.”

मला साहेब म्हणणारा आयुष्यात भेटलेला हा पहिला माणूस. पण त्या क्षणी तो मान मला नको झाला.

हकिगत अशी कळली की पत्र आल्यावर दहावीतल्या नातवानं शब्दकोश काढला आणि ‘समन’चा अर्थ मोठ्यानं वाचला, ‘न्यायालयात हजर राहण्याचा हुकूम करणे’. तेव्हापासून दोन रात्री काकांचा डोळ्याला डोळा नव्हता. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत खर्डेघाशी केली, कधी कोणाच्या पैशाला हात लावला नाही, आणि आता हे. दोन रात्री त्यांनी आपल्या आयुष्याचं ऑडिट केलं. आणि ऑडिटमध्ये असं असतं की शोधायला बसलं की काहीतरी सापडतंच. त्यांनाही सापडलं.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “साहेब, पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या कॅशियरनं मला पन्नासाची एक नोट जास्त दिली होती. घरी गेल्यावर कळलं. उद्या देऊ, परवा देऊ म्हणत राहून गेलं. मुद्दल पन्नास आणि दर साल दर शेकडा चार टक्क्यांनी सरळव्याज तीस. ऐंशी रुपये आहेत. पोलिसांत देऊ नका.”

मी कॉमर्सचा पदवीधर. त्या परिस्थितीतही मी मनात हिशेब ताडून पाहिला. बरोबर होता.

त्यांची एक सही हवी होती. बस्स. आणि त्याहून वाईट गोष्ट सांगतो. पत्ता वगैरे काही बदललेलं नसेल, तर ग्राहकानं तसं नुसतं कळवलं तरी चालतं, पत्रानं किंवा फोनवरून. 2021 सालापासून तशी मुभा आहे. म्हणजे काकांनी यायचीसुद्धा गरज नव्हती. हे मला पत्र लिहिताना माहीत नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं. पण माहीत होतं. पत्रात ते लिहायचं म्हणजे आणखी चार ओळी टाइप कराव्या लागल्या असत्या. त्या चार ओळी वाचवण्याच्या नादात मी एका म्हाताऱ्या माणसाच्या दोन रात्री खर्ची घातल्या होत्या.

ऐंशी रुपये काही केल्या ते परत घेईनात. कॅशियर निवृत्त होऊन कुठल्या कुठे गेलेला. शेवटी ध्वजदिन निधीच्या डब्यात त्यांच्याच हातानं ते टाकायला लावले. सही झाली. तरी काका बसूनच. मी म्हटलं, “काका, झालं.” ते उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, “मग मी जाऊ का?”

ते ‘मग मी जाऊ का?’ माझ्या मागोमाग घरापर्यंत आलं.

रात्री मी कपाटावरचा जाडा इंग्रजी शब्दकोश काढला. गुन्हा केल्यावर कायदा वाचायचा, तसला प्रकार. तर ‘समन’ हा शब्द मूळचा लॅटिन. ‘सब’ म्हणजे खालून, हळूच. आणि ‘मोनेरे’ म्हणजे आठवण देणं, सावध करणं. म्हणजे मुळात समन करणं म्हणजे एखाद्याला हळूच आठवण करून देणं! कानाशी लागून ‘अहो, तेवढं लक्षात आहे ना?’ म्हणावं तसं. पुढे हा शब्द फ्रेंचांच्या हाती लागला, तिथून इंग्रजांच्या कचेऱ्यांत गेला आणि कुजबुजीचा हुकूम झाला. माणसासारखंच आहे हे. काउंटरवर असताना हळू बोलणारा केबिनमध्ये गेला की घंटा वाजवायला लागतो.

याच ‘मोनेरे’शी रोमन लोक आपल्या मोनेता देवीचं नाव जोडत. मोनेता म्हणजे इशारा देणारी. तिच्या देवळाशी रोमची टांकसाळ होती, आणि त्या मोनेतावरून इंग्रजीत ‘मनी’ आला. म्हणजे पैसा आणि समन्स ही एकाच गोत्रातली मंडळी. बँकेत ती एकत्र नांदतात यात नवल ते काय?

पण खरी गंमत मराठीची. आपण समन्स पाठवत नाही, समन्स ‘बजावतो’. आणि बजावणं म्हणजे सावध करणं; ‘बजावून ठेवतो हं’ म्हणतो तेच. ज्या कोणा कारकुनानं पहिल्यांदा ‘समन्स बजावले’ असं लिहिलं असेल, त्याला लॅटिन येत असण्याचा संभव कमी. पण त्यानं शब्दाला बरोबर माहेरी नेऊन सोडलं. शिवाय इंग्रजीत ‘समन्स’ हे नाम शेवटी ‘स’ असूनही एकवचनी. चांगले शिकलेले लोक इथे घसरतात. आपला पक्षकार मात्र ‘समन्स आलं’ असं शुद्ध एकवचनात रडतो.

मग मी कायदा काढला. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्सचे नियम आहेत, आणि ते वाचून मी चकित झालो. कारण कोर्ट आमच्या साहेबांहून कितीतरी सभ्य निघालं. प्रतिवादीला समन्स पाठवायचं तर सोबत दाव्याची नक्कल जोडावी लागते. म्हणजे कशासाठी बोलावलंय हे आधी सांगावं लागतं. त्यावर सही आणि शिक्का लागतो, म्हणजे कोण बोलावतंय हे कळतं. साक्षीदाराला बोलवायचं तर त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च आधी कोर्टात भरावा लागतो. 1891 च्या एका कायद्यानं तर, बँक पक्षकार नसलेल्या खटल्यात बँकेच्या अधिकाऱ्याला वह्या घेऊन उगीच ओढून आणायचं नाही, खास कारण असेल तर न्यायाधीशानं तसा आदेश काढायचा, असं बजावून ठेवलं आहे. मला विनाकारण कोणी बोलावू नये याची काळजी इंग्रज सरकारनं घेतली. आणि मी काकांना काय पाठवलं? कारण नाही, खुलासा नाही, नुसतं ‘हजर व्हा’.

वाचता वाचता एक मौज सापडली म्हणून हिला सांगितली. माणूस घरी सापडला नाही तर फौजदारी समन्स घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावं, तर ‘प्रौढ पुरुषाकडे’, असं 1973 च्या संहितेत होतं. 1 जुलै 2024 ला नवा कायदा लागू झाला, तेव्हा त्यातला ‘पुरुष’ गळला. ही म्हणाली, “म्हणजे पन्नास वर्षं बायकोच्या हाती कागद दिला तर चालत नव्हता? आणि तुम्हां पुरुषांना घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही!” कायद्यावरची इतकी नेमकी टीका मी वकिलाच्या तोंडूनही ऐकलेली नाही.

मला वाटतं, बोलावणं हे कर्ज काढण्यासारखं आहे. काढताना सोपं, पण काढलं की जबाबदारी आली. आपल्या पुराणांना हे पक्कं ठाऊक होतं. कुंतीला दुर्वासांनी मंत्र दिला. पोरवयच ते, चालतो का पाहू म्हणून तिनं सूर्याला बोलावलं. तो आला. आता ही म्हणते, काही काम नव्हतं, सहज बोलावलं, परत जा. असं कुठे असतं? सूर्यासारखा सूर्य काय मिस्ड कॉलवर येऊन परत जाईल? त्या एका ‘सहज’ची वसुली पुढे कुरुक्षेत्रापर्यंत चालली, आणि ती कर्णाकडून झाली. बोलावणाऱ्याचं देणं भलत्याच माणसाला फेडावं लागतं, ते असं.

उलट नचिकेताची गोष्ट पाहा. बापानं रागाच्या भरात यमाला देऊन टाकलेलं पोर यमाच्या दारी गेलं. यम बाहेरगावी. पोर तीन रात्री उपाशी बसून राहिलं. यम परतला आणि हादरला. अतिथी आपल्या दारात तिष्ठत राहिला, म्हणून भरपाईदाखल एकेका रात्रीचा एकेक वर दिला. साक्षात मृत्यू, ज्यानं कोणालाही कधीही बोलवावं, तोही माणसाला ताटकळत ठेवल्याबद्दल ओशाळतो. आमच्याकडे ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा’ म्हणून बसवलेल्या ग्राहकांना या हिशेबानं वर द्यायचे झाले तर बँक बुडेल.

आणि सर्वांत मोठा धडा द्रौपदीचा. द्यूतसभेत तिला हजर करायला प्रातिकामी नावाचा सेवक आला. म्हणजे त्या काळचं ‘साहेबांनी बोलावलंय’च. आपण असतो तर चप्पल शोधत बावीस पावलं चालायला लागलो असतो. ती जागची हलली नाही. तिनं त्याला उलटा प्रश्न देऊन परत पाठवलं: राजा आधी स्वतःला हरला की मला? म्हणजे मला बोलावण्याचा हक्क उरलाय का कोणाला? त्या सभेत भीष्म होते, द्रोण होते, विदुर होता. या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही. मिळालं ते दुःशासनाच्या हातून, आणि ते काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. प्रश्नाला उत्तर नसलं की बोलावणाऱ्याचा हात पुढे येतो. भीष्मासमोर जे झालं त्याच्यापुढे माझी पत्राची गोष्ट हरभऱ्याएवढी. पण हरभराही त्याच शेतातला. काकांनी मला ‘कशासाठी?’ असं विचारलंच नाही. विचारायचा हक्क आहे, हेच माझ्या इंग्रजीनं त्यांना विसरायला लावलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग बोलावूच नये की काय कोणाला? तर तेही नाही. कारण माणसाची दुसरी बाजू अशी, की बोलावलं तर पोटात गोळा येतो आणि नाही बोलावलं तर अपमान होतो. पत्रिका आली पण तोंडी बोलावलं नाही, म्हणून लग्नाला न गेलेले काका प्रत्येक घराण्यात एक तरी असतात. तिथे मराठी माणसाची एक गफलत होते. जुन्या वैयाकरणांनी आमंत्रण आणि निमंत्रण यांत फरक केला आहे. आमंत्रण म्हणजे इच्छा असेल तर या. निमंत्रण म्हणजे आलंच पाहिजे. आपण पत्रिकेवर ‘अगत्याचे निमंत्रण’ छापतो. म्हणजे ते समन्सच, फक्त वर अक्षता लावलेलं.

याचा नीट धडा आपण दर भाद्रपदात गिरवतो आणि विसरतो. गणपतीची पूजा आवाहनानं सुरू होते. देवाला बोलावतो, पण नुसतं बोलावून थांबत नाही. बसायला आसन देतो, पाय धुवायला पाणी देतो, खायला घालतो. आणि शेवटी विसर्जन करतो. म्हणजे ‘आता जायला मोकळे आहात, पुन्हा या’ असं आपणच आपल्या तोंडानं सांगतो. देवावर ‘मग मी जाऊ का?’ असं विचारायची वेळ आणत नाही. बोलावणं अर्धं, निरोप अर्धा. आम्ही बँकेत फक्त आवाहन शिकलो.

दुसऱ्या दिवशी मी नवं पत्र लिहिलं, मराठीत. कशासाठी, काय बदललं नसेल तर यायची गरज नाही, बदललं असेल तर सवडीनं या, बसायला खुर्ची आहे. साहेबांनी ते वाचलं आणि ‘तुमच्या जबाबदारीवर’ म्हणून सही केली.

आता खोटं कशाला सांगू? ‘समन’वाल्या पत्रांना आठवड्याच्या आत बहुतेक सगळे हजर झाले होते. पुढच्या चाळिसांना ‘सवडीनं या’ म्हटलं, तर महिन्याभरात सातजणांनी कळवलं. बाकीच्यांना अजून सवड व्हायची आहे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून तो आकडा दाखवला. ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरज नव्हती. भीतीवर आठ दिवसांत काम होतं आणि सभ्यपणावर तीन महिने लागतात, हे गणित माझ्याही ध्यानात येत होतं. मी एवढंच म्हणालो, “साहेब, मी फोन करीन एकेकाला.” आणि आता दुपारी चारनंतर मी तेच करतो. तेहेतीस फोन म्हणजे हळूच आठवण करून देण्याचं काम. रोमन लोकांना आवडलं असतं. हिला आवडत नाही, कारण मी घरी उशिरा येतो.

नोव्हेंबरात ते काका पुन्हा आले. या वेळी कोट नव्हता, साधा शर्ट होता. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो घरबसल्या मोबाइलवरूनही देता येतो. हे मी त्यांना आठवणीनं सांगितलं. यायची गरज नाही, असंही सांगितलं. काका हसले. म्हणाले, “ठाऊक आहे हो, नातवानं सांगितलं. पण बोलावल्याशिवाय यावंसं वाटलं, म्हणून आलो.” मग फॉर्मवर सही करून त्यांनी वर पंख्याकडे बोट दाखवलं. “आणि त्यांचं समन्स अजून बजावलं गेलेलं नाही, एवढं लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. त्यांना चहा दिला. आणि ते विचारायच्या आत मीच उठून म्हटलं, “या काका, पुन्हा या.”

तेवढ्यात शिपाई जवळ आला आणि मऊ आवाजात म्हणाला, “साहेबांनी बोलावलंय.”

पोटात गोळा आला तो आलाच. पण या वेळी मी जागेवरूनच विचारलं, “कशासाठी?”

शिपाई बिचारा गोंधळला. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी केला नव्हता. तो बावीस पावलं गेला, बावीस पावलं परत आला आणि म्हणाला, “स्टेपलर.”